मंदीच्या काळात नवख्या वैमानिकाने काम कसे शोधावे

कमर्शियल पायलट लायसन्स (सीपीएल) हातात पडते तेव्हा बहुतेक मुलामुलींच्या लॉगबुकात, म्हणजे उड्डाणांच्या नोंदवहीत, दोनशेच्या आसपास तास असतात, घरावर पन्नास लाखांच्या पुढेमागे कर्ज असते आणि आता फक्त विमान कंपनीत रुजू व्हायचे बाकी आहे, अशी घरच्यांची समजूत असते. तेजीच्या वर्षी ही समजूत बऱ्याच अंशी खरी ठरते. मंदीच्या वर्षी मात्र लायसन्स आणि पहिली नोकरी यांच्यामध्ये एक, दोन, कधी तीन वर्षे जातात, आणि त्या वर्षांत कोण टिकतो हे विमान चालवण्याच्या कौशल्यापेक्षा त्या काळात घेतलेल्या निर्णयांवर अधिक अवलंबून असते. भारतात सीपीएल मिळालेल्या, पण अजून कोणत्याही विमान कंपनीत न लागलेल्या वाचकांसाठी ते निर्णय येथे क्रमाने मांडले आहेत. भरती पुन्हा सुरू होईल त्या दिवशी तुमची कागदपत्रे चालू, हात सरावात आणि कर्ज आवाक्यात असले पाहिजे. तोपर्यंतचा प्रत्येक रुपया या कसोटीवर घासूनच खर्च करावा, असे माझे ठाम मत आहे.

पहिली पायरी : मंदी कशामुळे आली ते समजून घ्या

सगळ्या मंद्या सारख्या नसतात, आणि कारण कळल्याशिवाय किती काळ थांबावे लागेल याचा अंदाज बांधता येत नाही. २०२० मध्ये प्रवासच थांबला होता. २५ मार्चपासून २५ मेपर्यंत देशांतर्गत प्रवासी विमाने जमिनीवर होती आणि त्यानंतरही कंपन्यांनी वैमानिकांना बिनपगारी रजेवर पाठवले. अशा वेळी कोणाचीच भरती होत नाही. किंगफिशर ऑक्टोबर २०१२ मध्ये, जेट एअरवेज १७ एप्रिल २०१९ रोजी आणि गो फर्स्ट मे २०२३ मध्ये बंद पडली, तेव्हाची परिस्थिती वेगळी होती. प्रवासी होते, इतर कंपन्यांना माणसे हवी होती. परंतु हजारो तासांचा अनुभव असलेले वैमानिक एका रात्रीत बाजारात आले आणि उपलब्ध जागांवर साहजिकच त्यांची निवड आधी झाली. तिसरा प्रकार विमानांच्या तुटवड्याचा. एअर इंडियाने फेब्रुवारी २०२३ मध्ये ४७० आणि इंडिगोने त्याच वर्षी जूनमध्ये ५०० विमानांची मागणी नोंदवली. ते आकडे वाचून अनेकांनी प्रशिक्षणाला प्रवेश घेतला; पण ही विमाने कित्येक वर्षांत विखरून येणार आहेत, आणि दरम्यान इंजिनांच्या दोषांमुळे असलेली विमानेही उभी राहतात.

याच्या जोडीला लायसन्सधारकांची संख्या पाहावी. नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाने, म्हणजे डीजीसीएने, २०२० मध्ये ५७८ सीपीएल दिली होती. २०२३ मध्ये तो आकडा १,६२२ वर गेला. त्यामुळे वर्तमानपत्रात ‘देशात वैमानिकांची टंचाई’ असा मथळा आला तरी तो नीट वाचावा. टंचाई बहुतेक वेळा कॅप्टनांची असते. त्यापुढच्या एअरलाइन ट्रान्सपोर्ट पायलट लायसन्ससाठीच, म्हणजे एटीपीएलसाठीच, किमान १,५०० तास लागतात आणि कॅप्टनच्या खुर्चीपर्यंत पोहोचायला त्याहून अधिक अनुभव लागतो. दोनशे तासांच्या उमेदवारांची टंचाई गेल्या वीस वर्षांत क्वचितच पडली असेल.

बाजार सुधारू लागला की भरतीच्या जाहिराती साधारण एका क्रमाने येतात : आधी कॅप्टन, मग कंपनीकडच्या विमानाचे रेटिंग, म्हणजे ते उडवण्याचे प्रशिक्षण घेतल्याची लायसन्सवरची नोंद, असलेले अनुभवी फर्स्ट ऑफिसर (को-पायलट) आणि शेवटी नवे सीपीएलधारक. पहिल्या दोन प्रकारच्या जाहिराती दिसू लागल्या, तर तुमचा नंबर जवळ येत असल्याचे ते चिन्ह आहे, आणि तयारीचा वेग तेव्हाच वाढवावा.

दुसरी पायरी : कागदपत्रे मुदतीत ठेवा

ऑक्टोबर २०२३ मधील नियमदुरुस्तीने सीपीएलची मुदत पाच वर्षांवरून दहा वर्षे झाली. ही सोय चांगली आहे, पण तिच्यामुळे अनेक जण गाफील राहतात. लायसन्सच्या पुस्तिकेवरची तारीख दहा वर्षांनंतरची असली, तरी चाळिशीच्या आतील वैमानिकाचे क्लास वन मेडिकल, म्हणजे वैद्यकीय तपासणी, दर बारा महिन्यांनी करावेच लागते. इन्स्ट्रुमेंट रेटिंगची, म्हणजे केवळ उपकरणांच्या आधारे विमान उडवण्याच्या पात्रतेची, तपासणी दरवर्षी द्यावी लागते. इंग्रजी भाषेच्या चाचणीत चौथी पातळी मिळाली असेल, तर तिलाही मुदत असते. मेडिकल संपलेल्या उमेदवाराचा अर्ज कंपनी बाजूला ठेवते. तेवढ्यावरून चांगली संधी हातची गेलेले उमेदवार मी पाहिले आहेत. म्हणून मेडिकलची तारीख संपण्याच्या दोन महिने आधीच वेळ ठरवावी. वजन, रक्तदाब आणि साखर या बाबतीत बेकारीचा काळ वाईट असतो. दिनक्रम बिघडतो, झोप बिघडते. रोज तासभर चालणे हा या काळात व्यावसायिक गरजेचाच भाग समजावा. मनावर ताण असेल तर डॉक्टरांकडे जावे आणि घेतलेले औषध मेडिकलच्या वेळी सांगावे. लपवलेली गोष्ट पुढे उघड झाली, तर आजारापेक्षा लपवाछपवीच महागात पडते.

उड्डाणाच्या सरावासाठी थोडे पैसे वेगळे ठेवावेत. वर्षभर काहीच न उडता शेवटच्या आठवड्यात पाच तास उडवण्यापेक्षा दर महिन्या-दीड महिन्याला एक तास उडवणे केव्हाही चांगले, कारण मुलाखतीत पहिल्या काही प्रश्नांमध्येच ‘शेवटचे उड्डाण केव्हा केले?’ हा प्रश्न येतो आणि लॉगबुक समोरच असते. मल्टी-इंजिन विमानाचा तास महाग असतो. तो केवळ रेटिंग जिवंत ठेवण्यापुरता घ्यावा आणि बाकीचा सराव सेसना १५२ किंवा १७२ या छोट्या एक-इंजिनी विमानांवर करावा. लॉगबुकात एक मिनिटही न उडवलेला घालू नये. विमानाच्या तांत्रिक नोंदी, फ्लाइंग क्लबची नोंदवही आणि हवाई वाहतूक नियंत्रणाच्या नोंदी जुळवून पाहता येतात. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर लायसन्स मिळवणारे वैमानिक उघडकीस आले, त्यांच्यापैकी काहींना अटक झाली, आणि तेव्हापासून ही तपासणी कडक झाली आहे.

तिसरी पायरी : कर्जाचा हिशेब घरच्यांसमोर मांडा

आपल्याकडे बहुतेक घरांत हा खर्च शेती, राहते घर किंवा आईवडिलांच्या निवृत्तीचे पैसे यांच्या आधाराने उभा राहिलेला असतो. शैक्षणिक कर्जाच्या प्रचलित योजनेत अभ्यासक्रम संपल्यानंतर साधारण एक वर्षाची सवलत मिळते, पण त्या काळातही व्याज चढत असते. शक्य असेल तर निदान व्याज तरी भरत राहावे. हप्ता भरता येणार नाही असे दिसले, तर तो चुकण्यापूर्वी बँकेच्या शाखेत लेखी अर्ज देऊन मुदतवाढ किंवा पुनर्रचना मागावी. ९० दिवस थकबाकी राहिली की खाते अनुत्पादक ठरते, जामीनदारालाही त्याची झळ बसते आणि मग बँकेशी बोलणे फार कठीण होते. एका कागदावर पुढच्या अठरा महिन्यांचा खर्च लिहावा : व्याज, मेडिकल, सरावाचे तास, तपासण्या, राहणे-खाणे. ही रक्कम कोठून येणार हे ठरल्याशिवाय कोणत्याही नव्या कोर्सचे पैसे भरू नयेत. आईवडिलांना खरी परिस्थिती सांगावी. ‘पुढच्या महिन्यात होईल’ असे सांगत राहिल्याने त्यांच्याही योजना चुकतात.

चौथी पायरी : स्वतःच्या खर्चाने टाइप रेटिंग घ्यावे का?

मंदीत सर्वांत जास्त पैसा याच प्रश्नावर बुडतो, म्हणून त्यावर थोडे विस्ताराने लिहितो. टाइप रेटिंग म्हणजे एअरबस ए-३२०, बोइंग ७३७ किंवा एटीआर-७२ यांसारख्या विशिष्ट विमानाचे प्रशिक्षण आणि त्याची लायसन्सवरची नोंद. त्याचा खर्च पुन्हा लाखांच्या घरात जातो. प्रशिक्षण संस्थेचा प्रतिनिधी सांगतो की रेटिंग असलेल्यांना आधी बोलावतात. हे अर्धेच खरे आहे. कंपन्यांना रेटिंगबरोबर त्या विमानावर प्रवाशांसह केलेल्या उड्डाणांचा अनुभव हवा असतो, आणि तो सिम्युलेटरवर मिळत नाही. रेटिंग आहे पण त्या विमानावर एकही प्रवासी उड्डाण नाही, असा उमेदवार कंपनीच्या दृष्टीने नवखाच असतो.

दुसरे असे की तुम्ही विकत घेतलेले रेटिंग ज्या विमानाचे आहे, ते विमान उद्या भरती करणाऱ्या कंपनीकडे असेलच असे नाही. २०१९ च्या आरंभी बोइंग ७३७ चे रेटिंग घेतलेल्यांची अवस्था आठवावी. मार्चमध्ये ७३७ मॅक्स विमाने जगभर जमिनीवर आली, एप्रिलमध्ये जेट एअरवेज थांबली, आणि देशात ७३७ उडवणाऱ्या कंपन्यांचा बाजार दोन महिन्यांत आक्रसला. त्या काळात ए-३२० हा सुरक्षित पर्याय आहे असे सर्रास सांगितले जाई. पुढे २०२३ मध्ये इंजिनांच्या अडचणीचे कारण देत गो फर्स्ट बंद पडली, आणि त्या कंपनीची सर्व विमाने ए-३२० गटातलीच होती. कोणतेही विमान मंदीतून मुक्त नाही.

तिसरी गोष्ट वेळेची. रेटिंग घेतले आणि वर्षभर नोकरी लागली नाही, तर ते चालू ठेवण्यासाठी पुन्हा सिम्युलेटरवर तपासणी द्यावी लागते आणि त्याचाही खर्च येतो. म्हणजे जो पैसा तुम्हाला दोन वर्षे टिकवू शकला असता, तो एका वर्षात संपतो आणि हातात उरते न वापरलेले रेटिंग.

म्हणून माझा सल्ला असा की रेटिंगचे पैसे तीन अटी पूर्ण झाल्यावरच भरावेत : कंपनीचे लेखी निवडपत्र हातात असावे, त्यात रुजू होण्याचा कालावधी लिहिलेला असावा आणि तो हुकला तर काय होईल याचे कलम असावे. पत्रात केवळ ‘विचार केला जाईल’ किंवा ‘कंपनीच्या गरजेनुसार’ एवढेच असेल, तर ते निवडपत्र नव्हे. विमान कंपन्यांच्या कॅडेट योजनांनाही हीच कसोटी लावावी. अशा योजनांत प्रशिक्षणाची शिस्त चांगली असते. परंतु मंदी आली की त्यातून बाहेर पडलेल्यांनाही रांगेत थांबावे लागते. रेटिंगऐवजी थोडा पैसा खर्च करायचाच असेल, तर दोन वैमानिकांनी मिळून काम करण्याचा छोटा कोर्स, म्हणजे एमसीसी, करावा. विमान कंपनीच्या सिम्युलेटर चाचणीत त्याचा थेट उपयोग होतो.

पाचवी पायरी : उडत राहता येईल अशी कामे शोधा

नवख्यासाठी मंदीतला सर्वांत उपयुक्त मार्ग फ्लाइट इन्स्ट्रक्टर होण्याचा आहे, आणि आपल्याकडे तो सर्वांत कमी निवडला जातो. ‘मला शिकवायचे नाही, मला उडवायचे आहे’ असे मुले म्हणतात. पण प्रशिक्षक दिवसाला चार-पाच तास हवेत असू शकतो, त्याचे तास वाढतात आणि त्याबद्दल त्याला पगार मिळतो, तर इतरांना त्याच तासांसाठी पैसे मोजावे लागतात. सुरुवात असिस्टंट फ्लाइट इन्स्ट्रक्टर रेटिंगने होते. त्याच्या तासांची आणि परीक्षेची अट डीजीसीएच्या नियमांत पाहून आपले तास किती कमी पडतात हे आधी मोजावे, म्हणजे सरावाचे तासही त्याच दिशेने लावता येतील. महाराष्ट्रात बारामती, गोंदिया, शिरपूर, धुळे आणि जळगाव येथे विमान-प्रशिक्षण चालते. देशात रायबरेलीजवळच्या फुर्सतगंजला इंदिरा गांधी राष्ट्रीय उडाण अकादमी आहे. पावसाळ्यात आपल्याकडचे उड्डाण मंदावते आणि ऑक्टोबरपासून पुन्हा जोर धरते. म्हणून प्रशिक्षकाच्या जागेसाठी जुलै-ऑगस्टमध्येच मुख्य प्रशिक्षकांना प्रत्यक्ष भेटावे. ई-मेल पाठवून वाट पाहण्यापेक्षा अशी भेट कितीतरी अधिक कामाची ठरते. शिकवताना ज्ञान पक्के होते हा लाभ तर आहेच; ज्याने पन्नास विद्यार्थ्यांना स्टॉल, म्हणजे पंखांची उचल तुटणे, समजावून सांगितला आहे, तो मुलाखतीत त्या प्रश्नावर अडखळत नाही.

दुसरा मार्ग ठरावीक वेळापत्रकाशिवाय, मागणीप्रमाणे वाहतूक करणाऱ्या चार्टर कंपन्यांचा. किंग एअर किंवा सेसना कॅरॅव्हॅनसारखी विमाने उडवणाऱ्या या छोट्या संस्था मुंबई आणि दिल्लीच्या आसपास अधिक आहेत. जागा एखाददुसरी असते आणि तिची जाहिरात क्वचितच येते. ओळखीने, शिफारशीने आणि वेळेवर हजर असण्याने ती मिळते. काम अनियमित असते, पगार कमी असतो, पण दोन वैमानिकांच्या कॉकपिटचा, वेगवेगळ्या विमानतळांचा आणि खऱ्या हवामानाचा अनुभव मिळतो. हवाई सर्वेक्षण करणाऱ्या संस्थाही याच गटात येतात.

प्रादेशिक विमान कंपन्यांकडेही लक्ष ठेवावे. गोव्यातील मोप विमानतळावरून मार्च २०२४ पासून सेवा देणारी फ्लाय ९१ आणि अलायन्स एअर यांच्याकडे एटीआर विमाने आहेत, तर कोल्हापूर-नांदेडसारखी शहरे जोडणारी स्टार एअर एम्ब्रेअर उडवते. छोट्या मार्गांवर टेकऑफ-लँडिंग वारंवार होतात, म्हणून तिथला एक वर्षाचा अनुभव वजनदार असतो. अर्थात, छोट्या कंपनीची आर्थिक प्रकृतीही नाजूक असू शकते, तेव्हा रुजू होण्यापूर्वी तिथल्या वैमानिकांना पगार वेळेवर होतो का, हे विचारून घ्यावे.

भारतीय तटरक्षक दलाने असिस्टंट कमांडंटच्या काही भरतींमध्ये सीपीएलधारकांसाठी अल्पकालीन सेवेच्या जागा ठेवल्या होत्या. वयाची मर्यादा कमी असल्याने जाहिरातींवर लवकर नजर ठेवणे इष्ट.

परदेशाबद्दल थोडक्यात. आखातातील मोठ्या कंपन्या परदेशी उमेदवाराकडे मोठ्या अनुभवाची अपेक्षा करतात. युरोप-अमेरिकेत आधी लायसन्सचे रूपांतर आणि काम करण्याचा परवाना, दोन्ही लागतात. आफ्रिकेत, विशेषतः बोट्स्वानातील माउनसारख्या ठिकाणी, पर्यटकांना छोट्या विमानांतून नेणाऱ्या कंपन्यांत कमी तासांचे वैमानिक लागतात, पण तिथे स्वखर्चाने जाऊन काही महिने थांबावे लागते आणि व्हिसाचे नियम आड येतात. कर्ज डोक्यावर असताना हा पर्याय पूर्ण चौकशीशिवाय घेऊ नये.

सहावी पायरी : जमिनीवरचे काम कमी समजू नका

उड्डाणाचे काम सहा महिन्यांत मिळाले नाही, तर विमानक्षेत्रातलेच जमिनीवरचे काम धरावे. फ्लाइट डिस्पॅचर (उड्डाणाचा आराखडा आखणारा), ऑपरेशन्स कंट्रोल, क्रू शेड्युलिंग, उड्डाण माहितीचे विश्लेषण आणि सुरक्षा विभाग या ठिकाणी सीपीएलधारकाला इतरांपेक्षा लवकर काम समजते आणि कंपनीच्या आत असल्याने अंतर्गत भरतीची बातमी वेळेवर कळते. डीजीसीएच्या परीक्षांचे विषय शिकवणे हाही चांगला मार्ग आहे. पुणे आणि मुंबईत असे वर्ग बरेच आहेत.

हवाई वाहतूक नियंत्रकाच्या नोकरीविषयी नेहमी विचारले जाते. भारतीय विमानतळ प्राधिकरणाच्या ज्युनिअर एक्झिक्युटिव्ह पदासाठी भौतिकशास्त्र आणि गणितासह पूर्णवेळ नियमित बी.एस्सी. किंवा अभियांत्रिकीची पदवी लागते आणि खुल्या प्रवर्गासाठी वयोमर्यादा २७ आहे. म्हणजे बारावीनंतर थेट उड्डाणाकडे गेलेल्यांना ही वाट बंद असते. मुक्त विद्यापीठाची पदवी या विशिष्ट पदाला चालत नाही, पण इतर अनेक नोकऱ्यांना ती लागते. म्हणून ज्यांच्याकडे पदवीच नाही, त्यांनी या काळात यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठात किंवा इग्नूमध्ये नाव घालावे. ड्रोन चालवण्याचे प्रमाणपत्र २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे थोड्या दिवसांत मिळते आणि फवारणी किंवा सर्वेक्षणातून उत्पन्न होऊ शकते. ड्रोनचे तास वैमानिकाच्या लॉगबुकात मोजले जात नाहीत, हे मात्र लक्षात असू द्यावे.

सातवी पायरी : निवड प्रक्रियेची तयारी आधीपासून करा

जाहिरात आल्यानंतर परीक्षेपर्यंत अनेकदा दोन-तीन आठवडेच मिळतात, त्यामुळे तयारी आधी झालेली हवी. प्रक्रिया बहुधा लेखी परीक्षा, कंपास किंवा अडॅप्ट यांसारखी क्षमता चाचणी, गटचर्चा, सिम्युलेटर आणि मुलाखत अशी असते. लेखी परीक्षेसाठी एटीपीएलच्या पातळीचे हवामानशास्त्र, नेव्हिगेशन आणि जेट इंजिन वाचावे. मुलाखतीत सर्वाधिक प्रश्न तुम्ही ज्या विमानावर शिकलात त्याच्यावर येतात, आणि आश्चर्य म्हणजे उमेदवार तिथेच अडखळतात, कारण एअरबस वाचण्याच्या नादात त्यांनी सेसनाची इंधनप्रणाली विसरलेली असते. नैऋत्य मोसमी पाऊस, पश्चिमी विक्षोभ, दिल्लीचे धुके, वैशाखातील वादळे यांचा उड्डाणावर होणारा परिणाम स्वतःच्या शब्दांत, इंग्रजीत, मोठ्याने बोलून तयार करावा. मराठी माध्यमातून आलेल्यांना विषय येत असतो. सराव बोलण्याचा कमी असतो, आणि दोन मित्रांनी रोज अर्धा तास एकमेकांची मुलाखत घेतली तर काही महिन्यांत तो भरून निघतो.

मधली रिकामी वर्षे लपवू नयेत. ‘या काळात शिकवत होतो, महिन्याला एक उड्डाण करत होतो, पदवी पूर्ण केली’ असे सांगता आले तर तीच वर्षे तुमच्या बाजूने बोलतात.

आठवी पायरी : पैसे मागणाऱ्यांपासून आणि घाईच्या सहीपासून सावध राहा

मंदीत नोकरीचे दलाल वाढतात. काही कंपन्या चाचणीचे शुल्क जाहीरपणे घेतात, ते त्यांच्या अधिकृत संकेतस्थळावर भरावे. मात्र ‘आतून जागा काढून देतो’ म्हणत रोख किंवा वैयक्तिक खात्यावर पैसे मागणाऱ्याशी बोलणे तिथेच थांबवावे. ओळखीचा माणूस मधे असला तरीही.

आणि निवड झालीच, तर आनंदाच्या भरात करार न वाचता सही करू नये. बंधपत्राची रक्कम किती, ती दरवर्षी कमी होते का, प्रशिक्षणात अपयश आल्यास खर्च कोणावर पडणार, प्रशिक्षणकाळात विद्यावेतन मिळेल का आणि उड्डाणाचे तास कमी मिळाले तर हमीचा पगार किती, एवढे प्रश्न लेखी विचारावेत. डीजीसीएच्या २०१७ च्या नियमानुसार को-पायलटला नोकरी सोडताना सहा महिन्यांची आणि कॅप्टनला एक वर्षाची पूर्वसूचना द्यावी लागते. म्हणून पहिली कंपनी निवडताना ‘तूर्त इथे लागू, बरे मिळाले की लगेच सोडू’ हा हिशेब करू नये. करार वकिलाला दाखवण्यासाठी दोन दिवस मागून घ्यावेत आणि सही केलेली एक प्रत त्याच दिवशी स्वतःकडे घ्यावी.